सेत्सुदान

मी मुळातच तापट. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे आरडाओरडा बराच आहे. आजारपणाने माणूस शांत होतो, समंजस होतो, असं पुष्कळ ठिकाणी वाचलं होतं. माझ्या बाबतीत तसलं काही झालं नाही. मधुमेहाने माझ्याकडून बरंच काही नेलं, राग मात्र जिथल्या तिथे आहे.

लिहायला बसण्याचं निमित्त एक फोन. ओळखीतली मुलगी, तिशीतली, शुगर वाढलेली. म्हणाली, "वैजूताई, तुला सांगितलं होतं ना, पायांची किती आग होते ते? आता एकदम थांबलीय बघ. काही औषध न घेता!" केवढा आनंद झाला होता तिला. मी फोनवर अशी किंचाळले की तिने घाबरून फोनच ठेवून दिला. मग मी परत लावला, तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे पिटाळलं आणि ठरवलं, हे लिहूनच काढायचं. म्हणजे निदान दर वेळी घसा फोडावा लागणार नाही.

काइरो

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. पुण्या-मुंबईची इंजिनिअर मंडळी घोळक्याघोळक्याने टोकियोला येत होती, त्यातलीच मी एक. काम नेटवर्कचं. तोयोसुच्या एका उंच इमारतीत क्लायंटचं ऑफिस, आणि त्याच्याच पोटात सर्व्हर रूम. राहायला उरायासुत, भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये. माझा नवरा सुहास पुण्यात कॉलेजात शिकवायचा. माझं पोस्टिंग निघालं तेव्हा नोकरी सोडून माझ्याबरोबर आला आणि एका सुपरमार्केटच्या मागच्या खोलीत भाज्या पॅक करायचं आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करू लागला. मुलगी ईरा तिथल्याच शाळेत पहिलीत होती. आम्ही मराठीत विचारायचो, ती जपानीत उत्तर द्यायची.

शुगर ईराच्या वेळेपासूनची. गोळ्या चालू होत्या. जेवणाआधी घ्यायच्या, पण जेवण कधी होणार ते क्लायंटचा सर्व्हर ठरवायचा. पायांची आग सुरू झाली ती जपानला आल्यावर. तळव्यांना कुणी मिरची चोळल्यासारखी. मी बाथटबमध्ये गार पाणी सोडून त्यात पाय बुडवून बसायची आणि दिसेल त्याच्यावर खेकसायची. वर्षभर हे चाललं, आणि मग एका शरद ऋतूत ती आग थांबली. मी चक्क पेढे आणावेत म्हटलं, पण उरायासुत पेढे कुठले!

आग थांबली म्हणजे पाय बरे झाले, असं मला वाटलं. नसा मेल्या होत्या. ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला होता आणि मी त्याला आराम समजत होते.

हिवाळ्यात पाय बर्फासारखे गार लागायला लागले. सर्व्हर रूम तर बाराही महिने थंडगार, आणि तिथे मला तासन्‌तास उभं राहावं लागायचं. ऑफिसातल्या बायका बुटांत काइरो घालायच्या. छोटीशी पुडी असते, पाकीट फोडलं की हवेने आपोआप तापते. बुटांत चिकटवायची वेगळी मिळते, बरोबर बोटांखाली बसणारी. कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, ढिगाने मिळायच्या. पाकिटावर लाल अक्षरांत बरंच काही छापलेलं होतं. मला जी कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, वाचता यायची ती राउटरची आणि स्विचची. मी चित्र बघितलं आणि चिकटवली. मला ऊब जाणवेना, म्हणून एकाखाली एक दोन चिकटवल्या.

ज्याला चटका जाणवतो तो माणूस पाय बाहेर काढतो. मी दिवसभर उभी राहून स्वतःचा पाय शिजवत होते.

कुसाई

कळलं ते ईरामुळे. मी ऑफिसातून येऊन बसले होते, ती माझ्या पायांशी चित्र काढत होती. एकदम नाक दाबून उठली. "मम्मा, कुसाई!" म्हणजे घाण वास येतोय. मी तिच्यावरच डाफरले, कचऱ्याचं बघ म्हटलं. तेवढ्यात सुहास आला आणि त्याने माझा उजवा मोजा ओढला.

मोज्याबरोबर कातडी आली.

बोटांखालचा सगळा भाग काळपट, मधोमध भोक, आणि त्या भोकातून काहीतरी पिवळं गळत होतं. सुहासने ईराला आतल्या खोलीत ढकललं आणि परत येऊन माझ्यावर असा ओरडला, जसा लग्नानंतर कधी ओरडला नव्हता. "तुझ्या पायाला भोक पडलंय वैजू! भोक! आणि तुला पत्ता नाही?"

"दुखत नाहीये रे," मी म्हटलं. खरंच दुखत नव्हतं. मी त्या पायाकडे ट्रेनमध्ये समोर बसलेल्या बाईच्या पायाकडे बघावं तशी बघत होते.

दुसऱ्या दिवशी ताप चढला. थंडी अशी वाजली की दातांवर दात आपटून जीभ चावली गेली. ॲम्ब्युलन्समध्ये मी पांढऱ्या टोपीवाल्यांना मराठीत शिव्या घालत होते म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही, सुहासला सगळं आठवतं.

चिकुत्तो

सहा खाटांचा बायकांचा वॉर्ड. प्रत्येक खाटेभोवती फिकट पडदा, आणि त्या पडद्यांआड अशी शांतता की शेजारणीने कूस बदलली तरी कळावं. तिथे कुणी कण्हत नव्हतं. टीव्हीसुद्धा कानात नळ्या घालून बघायचा.

सकाळी बोट टोचून शुगर, मग इन्सुलिन, मग डाव्या हातातल्या सलाइनमधून अँटिबायोटिक. सुई टोचण्याआधी नर्स गोड आवाजात म्हणायची, "चिकुत्तो शिमास." जरासं टोचेल हं. टोचायचंही जरासंच. पण पाय धुवायला येणारा सेगावा-सेन्सेईही तोच शब्द वापरायचा, तिथे माझं डोकं फिरायचं. सेन्सेई म्हणजे डॉक्टर. तिशीतला, काटकुळा, खाली मान घालून बोलणारा सर्जन. तो रोज सकाळी यायचा, पायाखाली प्लास्टिक अंथरायचा, आणि चिमटा-कात्री घेऊन सडलेलं मांस कापून काढायचा. नंतर बाटलीने पाणी मारून घोट्याकडून बोटांकडे पू पिळायचा, कपडे पिळावेत तसा. बोटांपाशी मला काही कळायचं नाही. कात्री तिथे करकर चालायची आणि मी छताकडे बघत पडायची. पण चिमटा मेलेल्या मांसातून वर सरकत जिवंत मांसाला लागला, की डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं.

पहिल्या दिवशी मी टॉवेल चावला. दुसऱ्या दिवशी टॉवेल थुंकला आणि ओरडले, "सोड मेल्या, सोड! मुडद्या, तुझा पाय दे इकडे, मी पिळते!" वॉर्डातली शांतता टरकन फाटली. नर्स गडबडून "शिरुके-सान, शिरुके-सान" करायला लागली. आडनाव शिर्के, पण तिथे मी शेवटपर्यंत शिरुकेच राहिले.

तेव्हा शेजारच्या पडद्याआडून टाळी ऐकू आली. मग एक खरखरीत म्हातारा आवाज, "मोत्तो! मोत्तो!" आणखी, आणखी!

या ओकुमुरा-सान. सत्तरीच्या पुढच्या. उरायासुतली इमारतींखालची जमीन जेव्हा समुद्र होती, तेव्हा त्यांच्या घरचे लोक तिथे शिंपले काढायचे. भाषा गावरान, आवाज होडीवरून किनाऱ्याला हाक मारणाऱ्याचा. त्याही मधुमेहाच्याच. पुढे रोज पाय धुताना मी मराठीत ओरडायची आणि पलीकडून त्या मला जपानीत चिथवायच्या. त्या काळात माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कुणी केले असतील, तर त्या बाईने. रडू नको, धीर धर, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

घरी काय चाललं होतं ते मला अर्धवटच कळायचं. सुहास सकाळी ईराला शाळेत सोडून कामावर, तिथून माझ्याकडे, मग परत शाळेत. डब्यात भाकरी आणायचा, नर्स वजन करून त्यातली अर्धी बाजूला ठेवायची. ईरा आली की पडद्याच्या आत यायची नाही. कापडाखालून तिचे फक्त बूट दिसायचे.

सेत्सुदान

आता तो शब्द.

माझं जपानी दोन प्रकारचं होतं. एक दुकानात आणि स्टेशनवर चालणारं, दुसरं सर्व्हर रूममधलं. त्या दुसऱ्यात 'सेत्सुदान' हा रोजच्या वापरातला शब्द. लाइन तुटली की स्क्रीनवर तोच यायचा. केबल काढण्याआधी आम्ही मोठ्याने म्हणायचो, "सेत्सुदान शिमास!" म्हणजे कनेक्शन तोडतोय, सावध. आमच्या टीममधला नागपूरचा एक पोरगा म्हणायचा, नेत्रदान, रक्तदान, तसंच हे सेत्सुदान. आम्ही प्रत्येक वेळी हसायचो.

त्या सकाळी सेगावा-सेन्सेई पाय धुवायला आला नाही, नुसताच आला. बरोबर दोन नर्स. खाटेशी खुर्ची ओढून बसला, आणि नेहमीपेक्षा हळू, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागला. ताप उतरत नाही, हे कळलं. रक्ताचे रिपोर्ट वाईट, हेही कळलं. मग एक लांबलचक वाक्य आलं, त्यात मला एकच शब्द ओळखीचा लागला. सेत्सुदान. त्याने विचारलं, चालेल का? अर्थात तुमच्या पतींशीही आज बोलूच.

माझा डावा हात सुजून भोपळा झाला होता. दोन दिवस मी नर्सच्या मागे लागले होते की ही सलाइनची नळी एकदाची काढा. मला वाटलं, आली वाटतं परवानगी! नवऱ्याला कशाला विचारायचं त्यात?

"हाय!" मी म्हटलं. "सेत्सुदान, ओनेगाई शिमास. हायाकु!" हो, तोडा बाई एकदाचं. लवकर!

सेन्सेई माझ्याकडे बघतच राहिला. मग उठला आणि कमरेतून असा खाली वाकला, की मला त्याच्या डोक्यावरचा भोवरा दिसला. एका नर्सने डोळे पुसले. मी मनात म्हटलं, काय हे लोक, सलाइन काढायचा एवढा सोहळा! आणि मी हात पुढे करून बसले. ते तिघे निघून गेले, नळी हातातच राहिली.

थोड्या वेळाने पडदा सरकला. ओकुमुरा-सान चाकाच्या खुर्चीतून आल्या होत्या. तोवर आमची मैत्री पडद्याआडची होती, मी त्यांना पूर्ण असं कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी खुर्ची माझ्या खाटेला टेकवली. मग म्हणाल्या, "तू शूर आहेस. मी तर किती दिवस रडले."

"कशाला रडलात?" मी विचारलं.

त्यांनी मांडीवरची चादर उचलली. डावा पाय गुडघ्याच्या वर संपलेला होता. त्यांनी तळहात सुरीसारखा उभा धरला, त्या टोकावर आडवा फिरवला आणि म्हणाल्या, "कोरे. सेत्सुदान." हे.

जे मी केलं

मी सलाइन उपटली. रक्ताची चिळकांडी पडद्यावर उडाली. खाटेवरचा स्टीलचा ट्रे उचलून फेकला, तो कुठे लागला ते बघितलंही नाही. मला त्या वॉर्डातून बाहेर पडायचं होतं, पाय माझ्याबरोबर असताना. मी त्याच पायावर खाली उतरले. पायाने मला धरलं नाही, आणि मी तोंडावर आपटले. दोन नर्सनी मला उचललं तेव्हा मी एकीच्या मनगटाला चावले. "नाही म्हटलंय मी! नाही! नाही!" एवढंच ओरडत होते, आणि तेही मराठीत. त्या बिचाऱ्यांना काय कळणार!

सुहास आला तो सुपरमार्केटच्या हिरव्या एप्रनमध्येच. तोवर मला खाटेवर पट्ट्याने बांधलं होतं. सेन्सेई त्याच्याशी बाहेर इंग्रजीत बोलला. चिठ्ठीवर लिहून लिहून बोलला म्हणे. सुहास आत आला, पट्टा सोडला आणि म्हणाला, "कापू देत."

"काय म्हणालास?"

"कापू देत म्हटलं. आजच."

"तुझा आहे का पाय? तुझा आहे?"

"माझा असता तर एव्हाना कापून घरी गेलो असतो. तू भांडत बसलीयेस."

मी त्याच्या थोबाडीत मारली. सगळा जोर लावून. त्याचा चष्मा खाटेखाली गेला. तो चष्मा उचलायलाही वाकला नाही, नुसता उभा राहिला.

"अजून मार," तो म्हणाला. "पण त्यांना करू दे. वैजू, मी काय करू त्या पायाचं? मला तू घरात ओरडताना पाहिजेस. ईराला कोण ओरडणार? मला जमत नाही ते."

त्यावर मी जे रडले, ते आधीच्या सगळ्या ओरडण्यापेक्षा मोठ्याने. तरी मी हो म्हटलं नाही.

आगीवर आग

संध्याकाळी इशिदा-सान आले. आमच्या टीमचे प्रमुख, पन्नाशीचे, अगदी मोजकं बोलणारे. सुहासनेच त्यांना फोन केला होता. दुभाषी म्हणून त्यांच्याइतका वाईट माणूस सापडला नसता. त्यांना इंग्रजी येत होतं ते फक्त नेटवर्कचं, म्हणजे बरोबर माझ्या जपानीइतकंच तोकडं. पण ते कोट घडी करून मांडीवर ठेवून बसले, आणि सेन्सेई बोलेल ते माझ्यापर्यंत पोचवत राहिले.

सेन्सेईने कागदावर एक अक्षर काढलं. एन्शो या शब्दातलं पहिलं. एन्शो म्हणजे शरीरातला दाह. इशिदा-सान म्हणाले, "शिरुके-सान, हे बघा. हे आगीचं चिन्ह. इथे एकावर एक दोन आहेत. आगीवर आग."

मग जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते, डॉक्टर मंडळींनी हसू नये. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की रक्तवाहिन्यांच्या आत एक बारीक धग पेटलेली राहते. दिसत नाही, ताप येत नाही. पण शरीराची राखण करणाऱ्या पेशी त्या धगीमुळे एकमेकींना सारखे निरोप धाडत राहतात. आग लागलीय, धावा, आग लागलीय, धावा. रोज, विनाकारण. त्या थकतात, बहिऱ्या होतात. आणि खरोखरीचे जंतू पायात घुसतात तेव्हा आधी कुणी येतच नाही. येतात तेव्हा सगळ्या एकदम, डोळे मिटून, दिसेल त्याला झोडत.

"या पायाची नासाडी अर्धी जंतूंनी केलीय," सेन्सेई म्हणाला, "अर्धी तुमच्या स्वतःच्या शरीराने. आणि ते निरोप आता पायापुरते राहिलेले नाहीत. ते रक्तातून सगळीकडे चाललेत. मूत्रपिंडापर्यंत पोचलेत."

मी इशिदा-सानकडे पाहिलं. "ब्रॉडकास्ट स्टॉर्म," मी म्हटलं.

सेन्सेईला काही कळलं नाही. इशिदा-सानची मान मात्र झटकन वर झाली. ज्यांचं हे काम नाही त्यांच्यासाठी सांगते. नेटवर्कमध्ये कधी कधी एका फांदीत बिघाड होतो आणि एकच निरोप गोल गोल फिरायला लागतो. प्रत्येक यंत्र तो पुढच्याला ओरडून सांगतं, ते आणखी पुढच्याला. बघता बघता सगळं नेटवर्क त्या ओरडण्यानेच गुदमरतं. आम्ही दोघांनी अशी वादळं पाहिली होती. त्या वेळी बसून विचार करायला कुणी मोकळं नसतं. कॅबिनेटकडे धावायचं आणि ती फांदी तोडायची. त्यावर कुणाचं काय काम चालू आहे ते बघायचं नाही. फांदी वाचवत बसलं तर सगळं जातं.

तोडण्याआधी आम्ही काय ओरडायचो, ते दोघांनाही माहीत होतं. इशिदा-सान मांडीवरच्या कोटाकडे बघत राहिले. त्यांनी तो शब्द उच्चारला नाही, आणि मी आयुष्यभर त्यांची त्यासाठी ऋणी आहे.

"कुठून?" मी सेन्सेईला विचारलं. "बोटं घ्या. पुढचा अर्धा पाय घ्या. घोटा नाही."

"उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही," तो म्हणाला. "आग पावलात थांबली असेल तर पुढचा भाग काढतो आणि बाहेर येतो. वर गेली असेल तर गुडघ्याच्या खाली. तुम्ही झोपलेल्या असाल. ते मला ठरवू द्यावं लागेल."

म्हणजे झोपायचं, आणि उठल्यावर बघायचं आपण कुठपर्यंत आहोत ते. सुहासच्या गालावर अजून माझी बोटं उमटलेली होती. पडद्याखाली ईराचे बूट होते.

मग मी तो शब्द स्वतः म्हटला. या वेळी 'हायाकु' म्हटलं नाही, आणि सेन्सेई वाकलाही नाही. त्याने फक्त माझा सुजलेला डावा हात उचलून उशीवर ठेवला.

रात्रीचं जेवण मला नव्हतं. ओकुमुरा-साननी पडद्याआडून विचारलं, भीती वाटते का? मी म्हटलं, वाटते. त्या म्हणाल्या, वाटायलाच पाहिजे. एवढंच बोलणं झालं.

जाग

आधी आवाज आले, मग उजेड, आणि मग दुखणं.

पाय दुखत होता. उजवाच. मी डोळे न उघडता तपासत गेले. टाच ठणकत होती. तळव्याची आग होत होती, तीच जुनी मिरची चोळल्यासारखी. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं. आणि अंगठा. अंगठा तर कुणी चिमट्यात धरल्यासारखा! इतके महिने ज्या पायात मुंगीसुद्धा चालली नव्हती, त्यातलं एकेक बोट वेगळं दुखत होतं.

अंगठा दुखतोय म्हणजे अंगठा आहे. इतकं सरळ गणित होतं ते. मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. लग्नात नाही, ईरा झाली तेव्हाही नाही.

"सुहास!" घशातून आवाज धड निघत नव्हता. "सुहास, दुखतंय रे! बोटं दुखतायत! पाचही! त्यांनी काही कापलं नाही! नसा परत आल्या!"

सुहास खाटेशीच होता. तो हसेल, सेन्सेईला बोलवायला धावेल, असं मला वाटलं. त्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. त्याचे खांदे गदगदा हलायला लागले. मी म्हटलं, अरे रडतोस काय वेड्या, दुखतंय म्हणतेय ना मी! तेव्हा तो उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी मान उचलली. चादरीखाली डावा पाय टोकापर्यंत गेला होता. उजवीकडे गुडघ्याच्या पुढे एक गाठोड्याएवढा उंचवटा, आणि त्याच्यापुढे चादर गादीला टेकलेली. सपाट. आणि बरोबर तिथे, त्या सपाट जागेवर, माझा अंगठा चिमट्यात धरल्यासारखा दुखत होता.

मी ओरडले नाही. एवढा सगळा घसा जवळ असून त्यातून काही निघालं नाही. अशा वेळी काय ओरडायचं, हेच मला सुचेना.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना हे आधीच सांगून ठेवते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. कापलेला पाय दुखतो. तुम्हाला वेड लागलेलं नसतं. डॉक्टरांना सांगा, लाजू नका, त्याच्यावर औषध असतं. आणि ज्यांचे पाय अजून जागेवर आहेत त्यांनी रोज ते हातात घेऊन डोळ्यांनी बघा. पायाला विचारू नका, तो खोटं बोलतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुहास ईराला घेऊन आला. नेहमीप्रमाणे कापडाखाली आधी बूट दिसले. बराच वेळ ते तिथेच राहिले. मग पडदा बाजूला झाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती आत आली. शाळेची पिवळी टोपी, पाठीवर दप्तर. तिला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, असं सुहास म्हणाला. तिने चादरीकडे बघितलंच नाही. सरळ माझ्या तोंडाकडे बघत खाटेजवळ आली, आणि पोरं चढतात तशी दप्तरासकट टुणकन उडी मारून खाटेवर बसली. उजव्या बाजूला, पायथ्याशी.

"अगं आई गं!" मी किंचाळले. "माझ्या पायावर बसलीस!"

नर्स होती तिथे थबकली. सुहासचा चेहरा पांढरा पडला. मला स्वतःलाच आपण काय बोललो ते कळलं, आणि ते परत कसं घ्यायचं ते कळेना.

ईरा मात्र चटकन खाली उतरली. तिने खाटेवरच्या त्या रिकाम्या जागेकडे बघितलं, चुरगळलेली चादर दोन्ही हातांनी सरळ केली, त्या जागेला "गोमेन" म्हणाली, चुकले, आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.